पेट्रेल आणि स्टॉर्म पेट्रेल : अर्थ, उगम आणि वापर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

समुद्रपक्ष्यांविषयीचा मजकूर लिहिताना, अनुवादताना किंवा तपासताना 'पेट्रेल' हा शब्द आला की बहुतेकांची लेखणी थोडी अडखळते. हा पक्षी किनाऱ्यावर सहसा दिसत नाही, कोशातील अर्थ एका ओळीत संपतो, आणि वृत्तपत्रात तोच शब्द एखाद्या पुढाऱ्याला लावलेला आढळतो. या शब्दाविषयी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एखाद्या उत्तराचा काही भाग दुसरीकडे आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. 'पेट्रेल' म्हणजे नेमका कोणता पक्षी?

पेट्रेल हे एका पक्ष्याचे नाव नाही, आणि बहुतेक घोटाळे हे लक्षात न घेतल्यामुळेच होतात. प्रोसेलॅरिफॉर्मिस या गणातील पक्ष्यांच्या चोचीवर नाकपुड्यांच्या नळ्या असतात. अल्बाट्रॉस याच गणातला आहे. या गणातील अल्बाट्रॉस सोडून उरलेल्या बऱ्याच जातींना इंग्रजीत 'पेट्रेल' म्हणतात, पण सगळ्यांना नाही. त्यात मुठीत मावणारे स्टॉर्म पेट्रेल येतात, पाण्यात बुडी मारणारे डायव्हिंग पेट्रेल येतात, वेगवान उड्डाणासाठी ओळखले जाणारे गॅडफ्लाय पेट्रेल येतात आणि पसरलेल्या पंखांची लांबी सुमारे २ मीटर भरणारे जायंट पेट्रेलही येतात. त्यामुळे कोशातला 'एक लहान समुद्रपक्षी' हा अर्थ स्टॉर्म पेट्रेलपुरता ठीक आहे, जायंट पेट्रेलला तो अजिबात लागू पडत नाही.

मजकुरात नुसते 'पेट्रेल' असेल, तर आधी मूळ संदर्भ पाहून कोणता पेट्रेल अभिप्रेत आहे ते ठरवावे आणि मगच मराठी वाक्य लिहावे.

२. मग 'स्टॉर्म पेट्रेल' म्हणजे कोण?

समुद्रपक्ष्यांतील सर्वांत लहान पक्ष्यांचा हा गट आहे. युरोपियन स्टॉर्म पेट्रेलची लांबी १४ ते १८ सेंटिमीटर आणि वजन साधारण २५ ग्रॅम असते, म्हणजे आकाराने तो जवळपास चिमणीएवढाच. विल्सनचा स्टॉर्म पेट्रेल थोडा मोठा, सुमारे ४० ग्रॅमचा असतो. बहुतेक जातींचा रंग काळपट असतो आणि अनेकींच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा दिसतो. मादी वर्षाला एकच अंडे घालते. घरटे बिळात किंवा दगडांच्या फटीत असते, आणि नर व मादी आळीपाळीने अंडे उबवतात. घरट्याकडे ये-जा ते बहुधा रात्रीच करतात, कारण दिवसा मोठे कुरव (सीगल) त्यांना पकडून खातात. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांपैकी मूसा या बेटावर लोहयुगातला एक दगडी बुरूज आहे. त्याच्या भिंतींच्या सांध्यांत युरोपियन स्टॉर्म पेट्रेल घरटी करतात. दिवसा बुरूज रिकामा भासतो, आणि अंधार पडला की भिंतींतून घरघर ऐकू येऊ लागते.

पूर्वी सर्व स्टॉर्म पेट्रेल एकाच कुलात धरले जात. आता उत्तरेकडील जाती हायड्रोबॅटिडी या कुलात आणि दक्षिणेकडील जाती ओशिॲनिटिडी या कुलात मानल्या जातात. ही दोन कुले एकमेकांची सर्वांत जवळची नातलग नाहीत, असेही जनुकीय अभ्यासातून दिसून आले आहे. म्हणजे 'पेट्रेल'प्रमाणे 'स्टॉर्म पेट्रेल' हा शब्दही एका वंशाचा नव्हे, तर सारख्या दिसण्याचा आणि सारख्या राहणीचा वाचक आहे.

३. हा शब्द आला कोठून? संत पीटरची गोष्ट खरी मानावी का?

स्टॉर्म पेट्रेल पाण्याला जवळजवळ टेकून उडतात आणि उडता उडता पायांनी लाटेवर टपटप आघात करतात, त्यामुळे ते पाण्यावर चालत असल्यासारखे दिसतात. बायबलमधील मत्तयच्या शुभवर्तमानात पीटर गालील सरोवराच्या पाण्यावरून येशूकडे चालत जातो, असा प्रसंग आहे. विल्यम डँपिअर या इंग्रज दर्यावर्द्याने १७०३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात लिहिले आहे की, हे साम्य पाहूनच खलाशी या पक्ष्याला पेट्रेल म्हणतात. गोष्ट इतकी चित्रमय आहे की ती तेव्हापासून बहुतेक कोशांत उतरत आली. (बायबलमधला पीटर काही पावलांनंतर बुडू लागतो, पक्षी मात्र बुडत नाही, हा फरक त्या खलाशांनी बहुधा मनावर घेतला नसावा.)

अडचण अशी की डँपिअरच्या आधीच, सतराव्या शतकातल्या इंग्रजी लेखनात या पक्ष्याचे नाव 'पिटरल' अशा वळणाने लिहिलेले सापडते. ते पीटरवरून आले असू शकते, पण पायांच्या टपटप आवाजाची नक्कल करणाऱ्या एखाद्या ध्वन्यनुकारी शब्दावरूनही आले असू शकते, आणि मग पीटरची कथा त्याला मागाहून जोडली गेली असेल. मराठीत लिहिताना 'हा शब्द संत पीटरवरून आला' असे ठामपणे न लिहिता 'संत पीटरवरून आला असे मानले जाते' असे लिहिणे अधिक प्रामाणिक ठरेल.

पक्षी खरोखरच पाण्यावर चालतो का, याचे उत्तर प्रश्न ६ मध्ये आहे.

४. 'पेट्रेल' आणि 'पेट्रोल' यांचा काही संबंध आहे का?

अर्थाने नाही. 'पेट्रोल' हा शब्द 'पेट्रोलियम'पासून आला आहे, आणि त्याचा मूळ अर्थ 'खडकातले तेल' असा होतो. पक्ष्याच्या नावाचा तेलाशी संबंध नाही. इंग्रजीत मात्र दोन्ही शब्दांचा उच्चार एकसारखाच होतो. मराठीत आपण अक्षरांवरून 'रे' आणि 'रो' असा फरक करतो. हा फरक जपावाच, कारण संगणकाची वर्णतपासणी 'पेट्रेल' हा शब्द दिसताच तो 'पेट्रोल' करून टाकते, आणि मग 'अंटार्क्टिकावर पेट्रोलची घरटी' अशी वाक्ये छापली जातात.

एक गंमत तेवढी नोंदवतो. 'पीटर' या नावाचा मूळ ग्रीक अर्थ खडक असाच आहे. त्यामुळे प्रश्न ३ मधली कथा खरी असेल, तर दोन्ही शब्द फार मागे जाऊन एकाच खडकाला टेकतात.

५. नावातले 'वादळ' कशामुळे? हा पक्षी खरोखर वादळाची सूचना देतो का?

नावातले वादळ पक्ष्याच्या स्वभावातून आलेले नाही. माणसाला तो ज्या परिस्थितीत दिसतो, त्या परिस्थितीतून ते आले आहे. स्टॉर्म पेट्रेल जवळजवळ सगळे आयुष्य जमिनीपासून दूर, खुल्या समुद्रावर काढतात आणि जमिनीवर फक्त विणीसाठी, तेही बहुधा रात्री येतात. शिडाच्या जहाजावरील खलाशांना ते जहाजामागच्या पाण्यात दिसत, कारण जहाज पुढे सरकताना मागचे पाणी ढवळले जाऊन त्यात खाण्याजोगे बारीक जीव वर येतात. वारा फार वाढला की हे पक्षी जहाजाच्या आडोशाला आणखी जवळ येतात, असाही खलाशांचा अनुभव होता. वादळ आणि पक्षी एकाच वेळी दिसत, म्हणून एक दुसऱ्याचे कारण किंवा चिन्ह मानला गेला.

किनाऱ्यावरच्या माणसाचा अनुभव तर आणखी एकांगी होता. त्याला हा पक्षी दिसे तो वादळाने जमिनीकडे ढकलल्यावरच. १९५२ सालच्या शरद ऋतूत अटलांटिकवरील वादळांमुळे ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये हजारो लीच स्टॉर्म पेट्रेल जमिनीवर येऊन पडले होते. काही समुद्रापासून फार आत सापडले. असा प्रसंग पाहिलेल्या माणसाने पक्ष्याचे नाव वादळाशी जोडले, तर त्याला दोष देता येणार नाही. मात्र पक्षी वादळाच्या आधी येत नाही, वादळ त्याला घेऊन येते.

लॅटिन नावातही हीच कल्पना आहे. 'प्रोसेला' म्हणजे वादळ. लिनियसने १७५८ साली युरोपियन स्टॉर्म पेट्रेलचा समावेश 'प्रोसेलॅरिया' या प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) केला होता. पुढे वर्गीकरण बदलत गेले, आणि आज ते प्रजातिनाम काही मोठ्या पेट्रेलांकडे आहे. स्टॉर्म पेट्रेल त्या प्रजातीत राहिलेले नाहीत, म्हणजे शास्त्रीय नावातले वादळ त्यांच्या हातून गेले आहे.

६. हा पक्षी पाण्यावर चालतो, हे कितपत खरे?

दिसते तसे खरे, यांत्रिकदृष्ट्या खोटे. वजन पाय पेलत नाहीत, ते पंखच पेलतात. वाऱ्याकडे तोंड करून, पंख थोडे वर धरून पक्षी जागच्या जागी तरंगतो आणि पाय पाण्यात बुडवतो. पाण्यात रोवलेल्या पायांमुळे वारा त्याला मागे ढकलू शकत नाही, आणि तोच वारा पंखांखालून त्याला उचलून धरतो. दोरी धरलेला पतंग वाऱ्यात स्थिर राहतो, तसाच हा प्रकार आहे, फक्त येथे दोरीचे काम पाय करतात. या स्थितीत त्याला पृष्ठभागावरचे बारीक जीव टिपता येतात. विल्सनचा स्टॉर्म पेट्रेल आणि पांढऱ्या चेहऱ्याचा स्टॉर्म पेट्रेल यांच्यात ही सवय ठळकपणे दिसते.

जमिनीवर मात्र याच पायांना चालणे नीट जमत नाही. तेथे हा पक्षी पोटावर फरफटत पुढे सरकतो. 'हायड्रोबेटीस' या प्रजातिनामाचा अर्थ 'पाण्यावर चालणारा' असा आहे, हे लक्षात घेतले की विरोधाभास अधिकच जाणवतो.

७. इंग्रजी लेखात एखाद्या व्यक्तीला 'स्टॉर्मी पेट्रेल' म्हटले आहे. मराठीत 'वादळी व्यक्तिमत्त्व' चालेल का?

बहुतेक वेळा चालणार नाही, तरी हाच पर्याय सर्वाधिक वापरला जातो. 'वादळी व्यक्तिमत्त्व' म्हटले की मराठी वाचकासमोर स्वभावाने उग्र, आयुष्यात मोठे चढउतार पाहिलेला, धडाडीचा माणूस उभा राहतो, आणि त्यात कौतुकाची छटाही असते. 'स्टॉर्मी पेट्रेल' या इंग्रजी प्रयोगाचा रोख वेगळा आहे. जो आला की पाठोपाठ भांडण, फूट किंवा संकट येणार असे समजावे, असा माणूस त्यात अभिप्रेत असतो. तो स्वतः शांतही असू शकतो, कारण प्रयोगाचा भर स्वभावापेक्षा आगमनावर आहे.

'कळीचा नारद' हा पर्याय पुष्कळांना सुचतो. तो जवळ जातो, पण नेमका बसत नाही. नारद स्वतः कळ लावतो. पेट्रेलने काही केलेले नसते, तो केवळ आधी दिसतो असे मानले जाते. उलट बाजूने पाहिले, तर पावशा हा पक्षीही पुढे येणाऱ्या हवामानाची वर्दी देणारा मानला जातो, पण त्याची वर्दी हवीशी असते, म्हणून तीही उपमा येथे उपयोगी नाही.

माझ्या मते उपमा सोडून आशय लिहावा : 'ते ज्या पक्षात गेले, तेथे वादंग त्यांच्या मागोमाग आले', किंवा 'त्यांचे नाव चर्चेत येणे हीच वादळाची चाहूल समजली जाई'. मूळ लेखकाने पक्ष्याच्या प्रतिमेचा पुढे विस्तार केला असेल, तरच पक्ष्याचे नाव ठेवावे आणि पहिल्या उल्लेखात अर्धे वाक्य घालून ती प्रतिमा उलगडावी.

पक्ष्याला आजच्या शास्त्रीय लेखनात 'स्टॉर्म पेट्रेल' म्हणतात. 'स्टॉर्मी' हे जुने रूप आता मुख्यतः या लाक्षणिक प्रयोगात उरले आहे.

८. मक्सीम गॉर्कीच्या १९०१ सालच्या प्रसिद्ध कवितेतला पक्षी हाच का?

तंतोतंत हाच नव्हे. गॉर्कीने वापरलेला रशियन शब्द 'बुरेवेस्तनिक' असा आहे. 'बुर्या' म्हणजे वादळ आणि 'वेस्तनिक' म्हणजे वर्दी देणारा. रशियन पक्षिशास्त्रात हा शब्द मोठ्या पेट्रेलांसाठी वापरतात, तर लहान स्टॉर्म पेट्रेलना 'काचुर्का' असा स्वतंत्र शब्द आहे. इंग्रजी अनुवादात 'स्टॉर्मी पेट्रेल' आले आणि दोन पक्षी एक झाले. इंग्रजीमार्गे मराठीत येणाऱ्या मजकुरात ती सरमिसळ तशीच उतरते.

कवितेत हा पक्षी क्रांतीची आगाऊ वर्दी देणारा आहे, आणि ती वर्दी भीतीची नसून स्वागताची आहे. म्हणून गॉर्कीच्या संदर्भात 'वादळाचा अग्रदूत' हा मराठी पर्याय शोभतो. तोच पर्याय प्रश्न ७ मधल्या वादग्रस्त पुढाऱ्याला लावला, तर त्याचा विनाकारण गौरव होतो.

९. मराठीत या पक्ष्याला काय म्हणावे? त्याचे लिंग आणि विभक्तीतली रूपे कोणती?

'वादळी पाखरू' असा शब्द काही लेखनात दिसतो. त्यातले 'वादळी' हे विशेषण पक्ष्याच्या स्वभावाला चिकटते, ही त्याची उणीव आहे (प्रश्न ५ पाहावा). 'वादळपाखरू' असा समास केला, तर अर्थ 'वादळातले पाखरू' असा मोकळा राहतो आणि आकाराचा लहानपणाही 'पाखरू' या शब्दात आपोआप येतो. म्हणून स्टॉर्म पेट्रेलसाठी माझी पसंती 'वादळपाखरू' या शब्दाला आहे, आणि गणातील इतर मोठ्या पक्ष्यांसाठी 'पेट्रेल' तसाच ठेवावा.

अशी विभागणी करणे हा मराठीचा आगाऊपणा ठरणार नाही. फ्रेंचमध्ये लहान पक्ष्याला 'ओसेआनित' आणि मोठ्याला 'पेत्रेल' म्हणतात. स्पॅनिशमध्ये लहान पक्ष्यासाठी 'पाईन्यो' असा वेगळा शब्द आहे. जर्मनमध्ये 'श्टुर्मश्वाल्बं' आणि 'श्टुर्मफोगेल' अशी जोडी आहे, आणि रशियनची जोडी प्रश्न ८ मध्ये आलीच आहे. दोन्हींना एका शब्दात कोंबण्याची सवय मुख्यतः इंग्रजीची आहे, आणि आपण ती इंग्रजीकडून घेतली आहे.

'पेट्रेल' हा शब्द 'पक्षी' या शब्दाच्या ओढीने पुल्लिंगी चालवावा : तो पेट्रेल, ते पेट्रेल, पेट्रेलचा, पेट्रेलांचा. 'वादळपाखरू' नपुंसकलिंगी आहे : ते वादळपाखरू, ती वादळपाखरे, वादळपाखराचे, वादळपाखरांचे. एकाच परिच्छेदात दोन्ही शब्द आले की 'तो' आणि 'ते' यांची गल्लत होते. तपासताना तेवढे पाहून घ्यावे.

१०. जर्मन शब्दाचा अर्थ 'वादळातली पाकोळी' असा होतो म्हणे. मग 'समुद्रपाकोळी' का म्हणू नये?

जर्मन शब्दातला पक्षी आपण ज्याला भिंगरी म्हणतो तो आहे. पाकोळी वेगळी. अर्थात उपमा दोन्हींना लागू पडते, कारण उडण्याची चपळ, वळणावळणाची लकब सारखी आहे. पण पाकोळी, भिंगरी, कुरव आणि सुरय ही सगळी मराठीत आधीच ठरलेल्या पक्ष्यांची नावे आहेत, आणि वादळपाखरू त्यांपैकी कोणाचेच जवळचे नातलग नाही. अशा नावाने वाचकाच्या मनात चुकीचे नाते तयार होते, आणि तेच टाळण्यासाठी ही सगळी खटपट आहे.

११. शिअरवॉटर, फुल्मर आणि प्रायन यांना पेट्रेल म्हटले तर चूक होईल का?

हे तिन्ही प्रश्न १ मधल्या गणातलेच समुद्रपक्षी आहेत, त्यामुळे गणाच्या पातळीवर बोलताना 'पेट्रेल आणि त्यांचे नातलग' असे म्हणण्यात चूक नाही. जातीच्या पातळीवर मात्र रूढ नाव बदलू नये. फुल्मर हे नाव जुन्या नॉर्स भाषेतून आले असून त्याचा अर्थ 'घाणेरडा कुरव' असा आहे. पोटातले दुर्गंधीचे तेल शत्रूवर उडवण्याच्या सवयीला ते अगदी साजेसे आहे. प्रायन म्हणजे ग्रीकमध्ये करवत, आणि या पक्ष्याच्या चोचीच्या कडेला पाणी गाळण्यासाठी दातेरी पट्ट्या असतात. या नावांना स्वतःच्या कथा आहेत. त्या पुसून सगळ्यांना पेट्रेल म्हणणे सोपे असले, तरी त्यात माहिती हरवते.

१२. जुन्या सागरी कथांमधील 'मदर केरीची पिल्ले' म्हणजे काय?

इंग्रज खलाशांनी स्टॉर्म पेट्रेलला दिलेले हे टोपणनाव आहे. मदर केरी ही समुद्रावर संकटे आणणारी एक काल्पनिक बाई मानली जाई, आणि हे पक्षी बुडालेल्या खलाशांचे आत्मे आहेत अशीही समजूत होती, म्हणून त्यांना मारणे अशुभ समजत. 'मदर केरी' हे 'प्रिय माता' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांचे बिघडलेले रूप आहे, हे स्पष्टीकरण सर्वत्र उद्धृत होते, पण त्याला भक्कम पुरावा नाही. अनुवादात टोपणनाव तसेच ठेवून कंसात 'वादळपाखरे' असे लिहावे. नुसते 'कोंबडीची पिल्ले' असे भाषांतर झालेले मी पाहिले आहे.

१३. 'विल्सनचा', 'लीचचा' अशा नावांचे मराठीत काय करावे?

ही नावे अनुक्रमे अलेक्झांडर विल्सन आणि विल्यम एल्फर्ड लीच या निसर्गअभ्यासकांच्या सन्मानार्थ दिलेली आहेत. षष्ठीचा प्रत्यय लावला की 'विल्सनचा पेट्रेल' हा विल्सनने पाळलेला पक्षी वाटू लागतो. म्हणून पहिल्या उल्लेखात 'विल्सनचा स्टॉर्म पेट्रेल' असे पूर्ण नाव द्यावे आणि पुढे संदर्भ स्पष्ट असेल तेथे 'हे वादळपाखरू' असे म्हणावे. अमेरिकेतील पक्षिशास्त्रीय संस्थेने २०२३ साली आपल्या अखत्यारीतील व्यक्तिनामांवरची इंग्रजी पक्षिनावे बदलण्याचे जाहीर केले आहे. त्यामुळे शास्त्रीय नाव सोबत देणे श्रेयस्कर, पण तेही जुन्या पुस्तकातून घेऊ नये. लीचचा स्टॉर्म पेट्रेल तेथे ओशनोड्रोमा या प्रजातीत सापडेल, आज तो हायड्रोबेटीस या प्रजातीत आहे.

१४. नावातले ठिकाण म्हणजे त्या पक्ष्याचे राहण्याचे ठिकाण समजावे का?

नाही. समुद्रपक्ष्यांच्या बाबतीत नावातले ठिकाण बहुधा विणीचे किंवा पहिल्या नमुन्याचे असते, वावराचे नसते. वीण आणि वावर यांत किती अंतर असू शकते ते पाहा : विल्सनचा स्टॉर्म पेट्रेल अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर आणि आसपासच्या बेटांवर वीण करतो आणि उरलेल्या काळात विषुववृत्त ओलांडून उत्तर अटलांटिक आणि हिंदी महासागरापर्यंत येतो. न्यूझीलंड स्टॉर्म पेट्रेलची गोष्ट याहून वेगळी आहे. एकोणिसाव्या शतकातल्या मोजक्या नमुन्यांपलीकडे त्याची माहिती नव्हती, आणि तो नामशेष झाला असे धरले गेले होते. २००३ साली तो न्यूझीलंडजवळच्या समुद्रात पुन्हा दिसला, पण त्याचे विणीचे ठिकाण ऑकलंडजवळच्या हाउतुरू बेटावर सापडायला २०१३ साल उजाडले. मधली दहा वर्षे नावात देश होता, पण घरटे कोठे आहे ते कोणालाच ठाऊक नव्हते.